‘ला’ लावून पाहावे: मराठीतील आडवळणाची नामरूपे आणि क्रियारूपे कशी पक्की करावीत

सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड आणि दाराबाहेर मराठी असा व्यवहार असलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे मराठी बोलणे इतके सहज असते की परक्याला त्यांची घरची भाषा ओळखता येत नाही. अडचण येते ती लिहिताना. अर्ज, बातमी, निमंत्रणपत्रिका, संस्थेचा अहवाल किंवा स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका समोर आली की ‘तारीखेला’ लिहावे की ‘तारखेला’, ‘ठेऊन’ की ‘ठेवून’, ‘हत्त्याला’ की ‘हत्तीला’, असे प्रश्न पडू लागतात, आणि बोलताना जे रूप तोंडातल्या तोंडात निभावून नेता येते ते कागदावर उघडे पडते. पुढचे विवेचन अशा अभ्यासकासाठी आहे, ज्याला लिंग, वचन, विभक्ती आणि काळ यांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही, परंतु नियमाच्या कडेकडेने राहणारी रूपे ज्याच्या हाती अजून पक्की बसलेली नाहीत. मराठी घरात वाढलेल्यांनीही ते वाचायला हरकत नाही, कारण यातल्या बऱ्याच चुका अस्सल मराठी घरांतही होतात.

पहिली सूचना अशी की कोणताही शब्द शब्दकोशात दिसतो त्या एकट्या रूपात पाठ करू नये. नाम असेल तर त्याच्यासोबत त्याचे अनेकवचन आणि ‘ला’ लावलेले एकवचनी रूप अशी तीन रूपे एका ओळीत लिहावीत: तारीख, तारखा, तारखेला. क्रियापद असेल तर त्याच्यासोबत भूतकाळाचे एक रूप लिहावे: घेणे, घेतले. एवढे पुरते, याचे कारण मराठीच्या रचनेतच आहे. नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे जे सामान्यरूप होते ते त्या वचनात सर्व प्रत्ययांसाठी आणि शब्दयोगी अव्ययांसाठी बहुधा एकच असते. म्हणून ‘तारखेला’ पक्के झाले की ‘तारखेचा’, ‘तारखेपासून’, ‘तारखेनंतर’ ही रूपे आपोआप हाती येतात. क्रियापदाचेही तसेच आहे. ‘घेतले’ येत असेल तर ‘घेतलेला’, ‘घेतल्यावर’, ‘घेतल्यास’, ‘घेतल्याशिवाय’ ही सगळी कुळी त्याच्या मागोमाग येते. अनियमितता वाटते तेवढी पसरलेली नसते. ती एका ठिकाणी साठलेली असते, आणि तेच ठिकाण लक्षात ठेवायचे असते.

तेलुगू भाषकाला ही कल्पना नवी वाटू नये. तेलुगूत ‘इल्लु’ म्हणजे घर, पण घराला म्हणायचे तर ‘इंटिकि’ आणि घरात म्हणायचे तर ‘इंट्लो’. म्हणजे प्रत्ययापूर्वी शब्दाने अंग बदलणे त्या भाषेतही आहे. कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड आणि ‘मरदल्लि’ म्हणजे झाडात, तिथेही मधे ‘द’ येऊन बसतो. दोन्ही भाषांच्या घरून आलेल्याला खरी अडचण सामान्यरूपाची नसून लिंगाची असते, कारण भिंत, दगड, घर अशा निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग, पुल्लिंग, नपुंसकलिंग अशी वेगवेगळी लिंगे देण्याचा मराठीचा रिवाज या दोन्ही भाषांत नाही. मराठीत मात्र सामान्यरूप ठरते ते बरेचसे लिंगावरूनच. म्हणून वहीत नाम लिहिताना त्यापुढे ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ लिहिण्याची सवय आधी लावून घ्यावी. ‘ला’चे रूप चुकते तेव्हा बहुधा लिंग आधी चुकलेले असते.

याचा सर्वांत स्पष्ट नमुना ‘वेळ’ या शब्दात सापडतो. ‘माझा वेळ गेला’ असे म्हणतो तेव्हा तो शब्द पुल्लिंगी असतो आणि त्याचे रूप ‘थोड्या वेळात’ असे होते. ‘जायची वेळ झाली’ असे म्हणतो तेव्हा तोच शब्द स्त्रीलिंगी असतो आणि रूप ‘वेळेवर’, ‘ठरल्या वेळेत’ असे होते. ‘माळ’ शब्दाचेही असेच आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि गळ्यातल्या माळेत मणी असतात. पहिला माळ पुल्लिंगी, दुसरी माळ स्त्रीलिंगी. अशा शब्दांच्या वहीत दोन स्वतंत्र ओळी कराव्यात, एकाच ओळीत दोन्ही कोंबू नयेत.

स्त्रीलिंगी अकारान्त नामांचे दोन गट आहेत आणि शब्द नुसता पाहून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. वीट, विटा, विटेला; नोट, नोटा, नोटेवर; वाट, वाटा, वाटेत, हा एक गट. चादर, चादरी, चादरीला. भिंत, भिंती, भिंतीवर. गोष्ट, गोष्टी, गोष्टीत, हा दुसरा. अनेकवचन ठाऊक असेल तर मार्ग सोपा होतो: अनेकवचनाच्या शेवटी ‘आ’ असेल तर एकवचनी सामान्यरूपात ‘ए’ येतो, ‘ई’ असेल तर ‘ई’च राहतो. मात्र या सोयीच्या नियमाला दगा देणारा एक छोटा गट आहे, जो व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत फारसा वेगळा काढून दाखवलेला दिसत नाही. चूक, बैठक, बंदूक, निवडणूक, मिरवणूक हे शब्द पाहावेत. त्यांचे अनेकवचन चुका, बैठका, बंदुका, निवडणुका, मिरवणुका असे आकारान्त होते, म्हणून ‘चुकेमुळे’, ‘बैठकेत’, ‘मिरवणुकेत’ अशी रूपे व्हायला हवी होती; प्रत्यक्षात होतात ती चुकीमुळे, बैठकीत, बंदुकीने, निवडणुकीत, मिरवणुकीत. ‘संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सामील झालो’ हे वाक्य सोलापुरात दरवर्षी असंख्य तोंडी येते, त्यामुळे या गटाचा प्रतिनिधी म्हणून ‘मिरवणूक’ हाच शब्द ध्यानात ठेवावा. हे सगळे शब्द ‘क’ने संपतात, परंतु ‘क’ने संपणारा प्रत्येक शब्द असा वागतो असे मात्र नाही, कारण ‘सडक’ सरळपणे ‘सडकेवर’ जाते आणि ‘भूक’ ‘भुकेने’ व्याकूळ होते.

आता शब्दाच्या मध्ये असलेल्या दीर्घ ई आणि ऊ यांच्याकडे वळू, कारण लिखाणातल्या सर्वाधिक चुका इथे होतात. दोन अक्षरी शब्दात हा स्वर सामान्यरूपाच्या वेळी ऱ्हस्व होतो: सूत, सुताला, धूर, धुरात, मीठ, मिठाने, मूल, मुलाला. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर ऱ्हस्व असेल तरीही तो ऱ्हस्वच होतो: गरीब, गरिबाला; वकील, वकिलाला; विहीर, विहिरीत. पहिले अक्षर दीर्घ असेल तर मात्र मधला स्वर ऱ्हस्व न होता थेट ‘अ’ होऊन बसतो: कापूस, कापसाला, लाकूड, लाकडाचा, माणूस, माणसाला, तांदूळ, तांदळात, बेरीज, बेरजेत, पाटील, पाटलाला. ‘तारीखेला’ चूक आणि ‘तारखेला’ बरोबर ते याच नियमाने. इथवर सगळे नीट चालते. मग ‘पाकीट’, ‘जामीन’ आणि ‘पोलीस’ येतात आणि ‘पाकटात’, ‘जामनावर’, ‘पोलसांना’ असे न होता ‘पाकिटात’, ‘जामिनावर’, ‘पोलिसांना’ असे होते. ‘चाहूल’सुद्धा ‘चाहुलीने’च ओळखली जाते. यांतले बरेच शब्द बाहेरून आलेले आहेत, म्हणून ते नियमाला जुमानत नाहीत, असे सांगण्याचा मोह होतो. पण ‘तारीख’ही बाहेरूनच आलेली असून ती मुकाट्याने ‘तारखेला’ होते, तेव्हा या खुलाशावर फार विसंबू नये आणि हे चार शब्द सरळ पाठ करून टाकावेत.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या सगळ्या घडामोडींपासून अलिप्त राहतात. शरीर, शरीरात, गीत, गीताला, संगीत, संगीताचा, रूप, रूपाने. त्यामुळे ‘विहिरीत’ ऱ्हस्व आणि ‘शरीरात’ दीर्घ असा भेद दिसतो. शब्द तत्सम आहे की नाही हे कळत नसेल तर शब्दकोशात व्युत्पत्ती पाहावी. अंदाजाने ठरवू नये.

मधला ऊ एखाद्या स्वरानंतर स्वतंत्रपणे उभा असेल तर त्याचा ‘व’ होतो. पाऊस, पावसात, देऊळ, देवळात, पाऊल, पावलावर. शेवटी येणारा ऊ काही शब्दांत असाच ‘व’ होतो आणि काहींत होत नाही: भाऊ, भावाला, नातू, नातवाला, विंचू, विंचवाला, गहू, गव्हाचा, कुंकू, कुंकवाचा, परंतु चाकूला, पेरूला, बाजूला. ‘लाडू’ दोन्हीकडे चालतो, ‘लाडवाला’ आणि ‘लाडूला’. ज्याला आपण आदराने ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो त्याच्याविषयी लिहिताना ‘भाऊंना’ असे लिहायचे, ‘भावांना’ असे नव्हे. तसे लिहिले तर ते सख्ख्या भावंडांविषयी होईल. नात्याचे आणि आदराचे आकारान्त शब्दही असेच न बदलता राहतात: काकांना, मामाला, आजोबांचा, अण्णांनी. एरवी पुल्लिंगी आकारान्त शब्दाचा ‘या’ होतो, घोडा, घोड्याला, हुरडा, हुरड्याला, आणि नेता, वक्ता, श्रोता हे संस्कृत शब्दही त्याच वाटेने जाऊन नेत्याला, वक्त्याने, श्रोत्यांना असे होतात. ‘राजा’ मात्र ‘राजाला’च राहतो. त्याला सोबत देणारा एक नियम आहे: पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी ‘जा’ असेल तर तो तसाच ठेवावा, म्हणून दर्जाचा, मोजाला, दरवाजात. शेवटी ‘सा’ असेल तर त्याचा ‘शा’ होतो, म्हणून खिशात, पैशाला, घशाला, आरशात, माशांना. ‘खिस्यात’ आणि ‘पैस्याला’ ही रूपे दुकानांच्या पाट्यांवर कितीही दिसली तरी ती उचलू नयेत.

ईकारान्त पुल्लिंगी शब्दांविषयी थोडे सावकाश बोलले पाहिजे, कारण इथे एक आधार असा आहे की तो समजला तर बरीचशी पाठांतराची मेहनत वाचते. विद्यार्थी, विद्यार्थ्याला, मंत्री, मंत्र्याला, अधिकारी, अधिकाऱ्याला, पक्षी, पक्ष्याला, असे एकीकडे होते, आणि कवी, कवीला, ऋषी, ऋषीला, अतिथी, अतिथींना, प्रतिनिधी, प्रतिनिधींना, सभापती, सभापतींना, असे दुसरीकडे. वरवर पाहता दोन्ही गटांचा शेवट सारखाच आहे. भेद त्यांच्या संस्कृत मुळात आहे. पहिल्या गटातले शब्द मुळात विद्यार्थिन्, मंत्रिन्, पक्षिन् असे ‘न्’ने संपणारे आहेत, दुसऱ्या गटातले कवि, ऋषि, अतिथि असे ऱ्हस्व इकाराने संपणारे आहेत, आणि मराठीने त्यांचा इकार लिहिताना दीर्घ केला आहे. ज्याचे मूळ ‘न्’ने संपते त्याचा ‘या’ होतो, ज्याचे इकाराने संपते तो ‘ई’ राखतो. ‘कार्यकारिन्’, ‘सहकारिन्’ अशा घडणीचे शब्द मराठीत शेकड्यांनी आहेत आणि ते सगळे पहिल्या गटात पडतात. कोष्टी, तेली, माळी, साळी, कैदी असे व्यवसायाचे किंवा स्थितीचे दाखवणारे मराठी शब्दही ‘या’च घेतात. अपवाद मोजके आणि ठळक आहेत: हत्ती, हत्तीला, आरोपी, आरोपीला, आणि सोलापूरकरांच्या रोजच्या ओळखीचा नंदी, नंदीला.

‘अधिकाऱ्याला’मध्ये जो अर्धा ‘र’ आहे त्याचीही काळजी घ्यावी लागते. आचारी स्वयंपाक करतो आणि त्याचे रूप ‘आचाऱ्यांना’ होते. आचार्य शिकवतात आणि त्यांचे रूप ‘आचार्यांना’ होते. लग्नाच्या हिशेबात ‘आचार्यांना दिलेली रक्कम’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला भलताच प्रश्न पडेल. टंकताना ‘ऱ’ हे नुक्त्याचे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला पाय मोडावा आणि पुढे ‘य’ द्यावा, म्हणजे ‘ऱ्य’ मिळते. साधा ‘र’ घेतला तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. भाकरी, भाकऱ्या, दरी, दऱ्या, व्यापारी, व्यापाऱ्यांनी, या सगळ्यांना हेच लागू आहे.

जोडाक्षराच्या आणि अनुस्वाराच्या दोन सवयी चटकन सांगता येतील. तीन अक्षरी शब्दाच्या मध्ये ‘क्क’ किंवा ‘प्प’ असेल तर सामान्यरूपात ते द्वित्व जाते: रक्कम, रकमेला, चप्पल, चपलेला, छप्पर, छपराला, दुप्पट, दुपटीने. मधल्या ‘म’च्या आधी अनुस्वार असेल तर तोही जातो: किंमत, किमतीला, गंमत, गमतीने, अंमल, अमलात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत या दोन्हींची नोंद आहे. १९६२ च्या चौदा नियमांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली, आणि ते अठराच्या अठरा नियम एका बैठकीत वाचून होण्याजोगे असल्यामुळे ते मुळातूनच वाचावेत.

नामांचा सराव करण्यासाठी सोलापूरकराला वेगळ्या पुस्तकाची गरज नाही, कारण जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची नावे जवळजवळ सगळे प्रकार पुरवतात. करमाळा, माढा, सांगोला आणि मंगळवेढा ही नावे आकारान्त असल्यामुळे करमाळ्याला, माढ्याचा, सांगोल्यात, मंगळवेढ्याहून अशी रूपे होतात. बार्शी बदलत नाही: बार्शीला, बार्शीत. अक्कलकोट, माळशिरस आणि मोहोळ यांना ‘ला’, ‘चा’, ‘हून’ थेट जोडले जातात आणि ‘आत’ या अर्थासाठी ‘मध्ये’ घेतले जाते. ‘मोहोळात’ असे लिहिण्यापूर्वी तर विशेष विचार करावा, कारण तिथे मधमाश्या असण्याचा संभव आहे. उरली ती पंढरपूर आणि उत्तर व दक्षिण अशी दोन सोलापुरे. गावाच्या नावातले ‘पूर’ दीर्घ लिहायचे असा नियम आहे, आणि ‘सोलापूरला’, ‘सोलापूरचा’, ‘सोलापूरहून’ इथे सामान्यरूप होत नसल्यामुळे ते दीर्घच राहते. ‘त’ प्रत्यय लागताच मात्र सामान्यरूप करावे लागते आणि ऊ ऱ्हस्व होतो: ‘सोलापुरात’, ‘पंढरपुरात’. ‘सोलापूरात’ हे रूप जाहिरातींच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत दिसते, आणि गावाचे नावच चुकीचे लिहिलेले पाहून जीव हळहळतो.

नव्याने आलेल्या शब्दांबाबत मराठीचे धोरण सैल आहे. जे शब्द जुने होऊन मुरले ते सामान्यरूप घेतात: बँकेत, हॉटेलात, फायलीत. जे अजून नवखे आहेत त्यांना ‘मध्ये’ किंवा ‘वर’ थेट जोडतात: बसमध्ये, पॉवरलूमवर. काही शब्द दोन्हीकडे आहेत, जसे ‘ऑफिसात’ आणि ‘ऑफिसमध्ये’. अशा वेळी एका मजकुरात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे, एवढेच.

क्रियापदांकडे वळताना आधी हे लक्षात घ्यावे की मराठीची बहुतेक अनियमितता भूतकाळाच्या रूपात दडलेली आहे. जाणे, गेला, येणे, आला, होणे, झाला, करणे, केला, मरणे, मेला, ही पाच क्रियापदे नेहमीच्या वापरातली आहेत आणि धातूपासून सर्वांत दूर गेलेली आहेत. यांचे कोडे संस्कृतातल्या गत, आगत, जात, कृत आणि मृत या भूतकालवाचक विशेषणांत सुटते. ती विशेषणे प्राकृतात झिजली, त्यांना ‘ल’ जोडला गेला आणि आजची रूपे झाली. जुन्या मराठीत ‘झाला’च्या जागी ‘जाला’ असे रूप आढळते, त्यात ‘जात’ अधिक स्पष्ट दिसतो. उरलेली क्रियापदे थोड्या गटांत बसवता येतात. काहींमध्ये ‘त’ येतो: घेतला, घातला, धुतला, आणि इकारासह सांगितला, मागितला, बघितला, ‘म्हणणे’चा ‘ट’ होतो, म्हटले, आणि तिथे अनुस्वार नसतो. ‘ह’ने संपणारे धातू बहुधा ‘इ’ घेतात: पाहिला, राहिला, वाहिला, लिहिला. काही अकर्मक धातूंत ‘आ’ येतो: निघाला, पळाला, बुडाला, मिळाला. ‘कळणे’ या गटात नाही. सोलापूरच्या बोलण्यात ‘कळालं’ सर्रास ऐकू येते आणि ते कानाला गोडही लागते, परंतु छापील मराठीत ‘कळले’ हेच रूप धरावे. खाल्ला, प्यायला, गायला, भ्यायला ही स्वरान्त धातूंची रूपे एकेक करून पाठ करावीत.

रूप आले म्हणजे काम झाले असे होत नाही, कारण ते रूप कोणाशी जुळवायचे हा प्रश्न उरतो आणि तेलुगू-कन्नड घरातल्या अभ्यासकाची खरी परीक्षा इथे असते. तेलुगूत ‘नेनु पनि चेशानु’ आणि कन्नडमध्ये ‘नानु केलसा माडिदे’ या वाक्यांत क्रियापद ‘मी’शी जुळते. त्याच वळणाने शहराच्या पूर्वभागात ‘मी काम केलो’ असे वाक्य कानावर पडते. ‘मी गेलो’, ‘मी आलो’ ही रूपे बरोबर असल्यामुळे ‘मी केलो’ही बरोबरच वाटते. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्माशी जुळते: मी काम केले, मी भाकरी खाल्ली, मी आंबे खाल्ले. हेही संस्कृताकडूनच आले आहे. ‘तेन कार्यं कृतम्’ या रचनेत ‘कृतम्’ कार्याशी जुळलेले आहे, ‘तेन’शी नव्हे. ‘त्याने’ आणि ‘तिने’ यांत ‘ने’ स्पष्ट दिसतो, म्हणून तिथे चूक कमी होते. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांना तो दिसेल असा लागत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो.

यावर एक सोपी कसोटी आहे. वाक्यातला ‘मी’ काढून त्या जागी तिसरी व्यक्ती ठेवून पाहावी. तिथे ‘तिने’ येत असेल तर क्रियापद कर्माशी जुळवावे. ‘ती’ येत असेल तर कर्त्याशी जुळवावे. ‘तिने काम केले’, म्हणून ‘मी काम केले’. ‘ती घरी गेली’, म्हणून ‘मी घरी गेलो’. ही कसोटी विशेषतः अशा क्रियापदांसाठी उपयोगी पडते, जी कर्म घेऊनही ‘ने’ घेत नाहीत. ती नाव विसरली, ती मराठी शिकली, ती खरे बोलली, ती दूध प्यायली, ती वाट चुकली, ती भात जेवली: या सर्वांत कर्म आहे आणि तरीही क्रियापद कर्त्याशी जुळले आहे, म्हणून ‘मी नाव विसरलो’, ‘मी मराठी शिकलो’. ‘म्हणणे’ला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, पण रूप वेगवेगळे लागते: ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’. वहीत क्रियापदाचे भूतकाळी रूप लिहिताना ते एकटे न लिहिता ‘तिने घेतले’, ‘ती विसरली’ असे कर्त्यासह लिहिले तर रूप आणि जुळणी दोन्ही एकदम पक्की होतात. ‘तू’ असेल तर शेवटी ‘स’ येतो, तू आंबा खाल्लास, तू भाकरी खाल्लीस, आणि त्याआधीचा भाग कर्माशीच जुळलेला असतो.

भूतकाळाबाहेरची आडवळणे थोडी आहेत. एकारान्त धातूंचा आज्ञार्थात आणि विध्यर्थात ‘या’ होतो: देणे, द्या, द्यावे, घेणे, घ्या, घ्यावे, नेणे, न्या, न्यावे, येणे, या, यावे. ‘होणे’चे ‘व्हा’, ‘व्हावे’ आणि ‘पिणे’चे ‘प्या’, ‘प्यावे’ होते. ‘राहणे’, ‘पाहणे’ हीच मूळ रूपे लिहावीत. आज्ञार्थात ‘राहा’, ‘पाहा’ यांच्या जोडीला ‘रहा’, ‘पहा’ यांनाही नियमांनी मुभा दिली आहे. ‘ऊन’ लावताना धातू ‘व’ने संपत असेल तर ‘वून’ आणि नसेल तर ‘ऊन’ होते: ठेव, ठेवून, जेव, जेवून, धाव, धावून, परंतु जा, जाऊन, घे, घेऊन, धू, धुऊन. ‘करील’ आणि ‘करेल’ यांपैकी जुन्या वळणाचे लेखक सकर्मकाला ‘करील’ राखून ठेवतात. आज ‘करेल’ इतके रुळले आहे की त्याला चूक ठरवण्यात अर्थ नाही, मात्र एकाच लेखात दोन्ही मिसळू नयेत. नकारार्थी आणि अपुऱ्या क्रियापदांची अनेकवचने हमखास विसरली जातात: नाहीत, नव्हते, पाहिजेत, नयेत. ‘पुस्तके पाहिजे’ असे न लिहिता ‘पुस्तके पाहिजेत’ असे लिहावे.

हे सगळे एकत्र कसे तपासायचे ते एका नमुन्यावर पाहू. यात्रेच्या दिवसांत लावण्यासाठी असा फलक लिहून आला आहे असे समजावे: ‘भाविकांनी चप्पला बाहेर ठेऊन व पाय धूवून देऊळात यावे. दरवाज्यात गर्दी करू नये. वाहने रस्त्यावर लावू नये. दिलेल्या रक्कमेची पावती घ्यावी.’ मजकूर दोनदा वाचावा, एकदा केवळ नामांसाठी आणि एकदा केवळ क्रियापदांसाठी, कारण दोन्ही एकदम पाहू गेल्यास अर्थाच्या ओघात डोळा पुढे सरकतो. नामांच्या फेरीत ‘चप्पला’चे द्वित्व जाऊन ‘चपला’ होते, ‘देऊळात’चे ‘देवळात’, ‘दरवाज्यात’चे ‘दरवाजात’ आणि ‘रक्कमेची’चे ‘रकमेची’ होते. क्रियापदांच्या फेरीत ‘ठेव’ धातू ‘व’ने संपतो म्हणून ‘ठेवून’, ‘धू’ तसा संपत नाही म्हणून ‘धुऊन’, आणि वाहने अनेक असल्यामुळे ‘लावू नयेत’. ‘गर्दी’ एकवचनी आहे, तेव्हा ‘करू नये’ला हात लावायचा नाही, दुरुस्तीच्या भरात बरोबर रूप बिघडवणे ही चुकीइतकीच सामान्य गोष्ट आहे.

संगणकावरचा शुद्धलेखन तपासनीस यांतल्या काही चुका दाखवतो आणि तो वापरायला हरकत नाही, परंतु जिथे दोन्ही रूपे आपापल्या जागी शुद्ध असतात तिथे त्याचा उपयोग होत नाही. ‘पक्षांना’ म्हणजे राजकीय पक्षांना आणि ‘पक्ष्यांना’ म्हणजे पाखरांना. ‘भावांना’ आणि ‘भाऊंना’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘वेळात’ आणि ‘वेळेत’ यांचेही तसेच. अशा जोड्यांचे एक वेगळे पान वहीच्या शेवटी ठेवावे, नवी जोडी भेटली की तिथे टिपावी, आणि मजकूर हातावेगळा करण्यापूर्वी त्या पानावरचे शब्द त्यात आले आहेत का हे डोळ्यांनीच पाहून घ्यावे.